शाल नको, तास द्या

जानेवारी लागला की परभणी जिल्ह्यातल्या शाळांत स्नेहसंमेलनाची लगबग सुरू होते. पंधरा दिवस आधी शहरातून डान्स मास्तर येतो. मोबाइलवर सिनेमाचं गाणं लागतं, लेकरं ओळीत उभी राहतात, हात असा, पाय तसा. संमेलनाच्या दिवशी भाड्याचे चमकी कपडे, डीजेचा दणका आणि पालकांचे मोबाइल वर. त्याच स्टेजवर, पुढाऱ्यांच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीत, गावातला एखादा म्हातारा गोंधळी किंवा भजनी मंडळातला पखवाजी बसवलेला असतो. त्याला शाल, नारळ, टाळ्या आणि एक फोटो मिळतो. मग तो घरी जातो, तो थेट पुढच्या जानेवारीपर्यंत.

डान्स मास्तराशी माझं भांडण नाही. तो पोटासाठी येतो, मेहनत घेतो, लेकरंही खूश असतात. भांडण आहे ते आपल्या हिशेबाशी. ज्याच्याकडे सगळ्या आयुष्याची विद्या आहे, त्याला आपण पाच मिनिटं देतो आणि तीही सत्काराची. शिकवायला एक तास देत नाही.

म्हणून यंदा मागणं एकच. गावातल्या कलावंताला शाळेत पाहुणा म्हणून बोलावणं बंद करा. त्याला वेळापत्रकात तास द्या, तासाचे पैसे द्या, आणि वर्षभर येऊ द्या.

•••

परभणीला काही कमी आहे का? ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. पण कलेच्या बाबतीत या जिल्ह्याला कुणापुढे मान खाली घालायचं कारण नाही. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. गोंधळमहर्षी म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखतो ते राजारामभाऊ कदम परभणीचे. कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ यांनी सरकारी नोकरी सांभाळत याच शहरात लिहिलं. नवरात्रात गावोगाव आराध्यांची गाणी रंगतात. जिंतूर-गंगाखेडच्या तांड्यांवर होळीला बंजारा लेंगी घुमते आणि बायांच्या हातची कशिद्याची कापडं अजून पाहायला मिळतात. फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, तिथं कव्वाली ऐकायला सगळ्या जातिधर्मांची माणसं बसतात. भीमजयंतीला वस्त्यावस्त्यांतून गायन पार्टीचे मुकाबले होतात. गोदाकाठच्या धारासूरला गुप्तेश्वराचं मंदिर आहे, जिंतूर तालुक्यात चारठाण्याची जुनी देवळं आहेत. तिथल्या दगडांत जे नाचतंय आणि वाजतंय, तो चित्रकलेचा आणि इतिहासाचा आयता धडा आहे.

हे सगळं शाळेच्या भिंतीबाहेर आहे आणि भिंतीच्या आत वेळापत्रकावर ‘कला’ असा एक चौकोन आहे. बहुतेक वेळा त्या चौकोनात गणिताचा राहिलेला भाग पूर्ण होतो, नाहीतर ‘एक निसर्गचित्र काढा’ असं फळ्यावर लिहून गुरुजी ऑनलाइन माहिती भरायला बसतात. दोष गुरुजींचा नाही. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, पोषण आहाराची नोंद, निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन पोर्टलं सांभाळणाऱ्या माणसानं संबळही शिकवावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. पण ज्याला येतो तो चार घरं सोडून राहतो, हेही तितकंच खरं.

•••

आता कागद पाहू. कागद भरलेला आहे.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे: सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तर त्या शाळेला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. हा सल्ला नव्हे, कायदा आहे. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण त्याच्या पुढं गेलं. स्थानिक कलावंत, कारागीर, जाणकार यांना शाळांनी विशेष मार्गदर्शक म्हणून घ्यावं, असं ते म्हणतं. प्रत्येक शाळेत किंवा शाळासमूहात निवासी कलावंत असावा, असंही म्हणतं. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडं शिकावं, हेही त्यातच आहे. त्या दहा दिवसांच्या मार्गदर्शक सूचना 29 जुलै 2024 ला निघाल्या. महाराष्ट्रानं त्याच वर्षी ‘आनंददायी शनिवार’ आणला. 2015 पासून देशभर ‘कला उत्सव’ नावाची स्पर्धाही होते.

दहावीचे गुणसुद्धा आहेत. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी आली तर सवलतीचे 7 गुण, ब ला 5, क ला 3. लोककलेच्या सादरीकरणालाही सवलतीचे गुण मिळतात. म्हणजे लोककलेचे गुण द्यायला सरकार तयार आहे, लोककलेची स्पर्धा घ्यायला तयार आहे, फक्त लोककला शिकवणारा माणूस नेमायला तयार नाही. पीक मोजायचं, पण पेरायचं नाही. शिकवल्याशिवाय गुण दिले की विद्येऐवजी प्रमाणपत्राच्या मागं धावाधाव सुरू होते, आणि त्यात पुढं कोण असतो? ज्याच्या बापाला कुठं कागद मिळतो हे ठाऊक असतं, तो. पालमच्या एखाद्या वाडीवरची जी पोरगी खरंच गोड गाते, तिच्या घरी त्या कागदाचं नावही पोहोचलेलं नसतं.

अंशकालीन निदेशकांचं काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. सर्व शिक्षा अभियानातून राज्यात असे निदेशक कंत्राटानं, तुटपुंज्या मानधनावर घेतले गेले. त्यात चित्रकलेची पदविका घेतलेली पोरं होती, खेळाडू होते, शिवण-विणकाम जाणणाऱ्या बायका होत्या. करार संपला की घरी, नवा आदेश निघाला की पुन्हा रांगेत. शेवटी त्यांच्यावर न्यायालयाच्या पायऱ्या चढायची वेळ आली. कायद्यानं ज्याची जागा आखली, त्याला आपण रोजंदारीवरच्या माणसासारखं वागवलं. त्यामुळं आज कुणी ‘कलावंतांना शाळेत आणू’ म्हटलं की जुन्या निदेशकांच्या पोटात गोळा येतो. तो येणारच.

•••

जिल्हा परिषदेच्या इमारतीत एक चक्कर मारा. एका टेबलावर समाजकल्याण विभाग आहे. वृद्ध साहित्यिक-कलावंतांच्या मानधनाचे अर्ज वर्षानुवर्षं पंचायत समितीतून त्या टेबलावर येत आले. या योजनेचं आताचं नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना. 2024 मध्ये सरकारनं हे मानधन सरसकट महिन्याला 5,000 रुपये केलं. चांगलं केलं. अर्जदार खरंच कलावंत आहे का, किती वर्षं कला सादर करतो, याची छाननी जिल्ह्याची समिती करते. म्हणजे जिल्ह्यातल्या जुन्या-जाणत्या कलावंतांची तपासलेली यादी सरकारच्याच कपाटात पडून आहे.

दुसऱ्या टेबलावर शिक्षण विभाग आहे. तिथं शाळांची यादी आहे आणि कलेच्या तासाला माणूस नाही अशी अडचण आहे.

या दोन टेबलांमध्ये एक जिना असेल नाहीतर एक पॅसेज. तो ओलांडून एक यादी इकडून तिकडं न्यायला कोणता शासन निर्णय लागतो? मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी एका दुपारी दोन्ही विभागप्रमुखांना समोरासमोर बसवलं तर हे काम तिथंच सुरू होईल. तालुका, गाव, कला, वय, तब्येत, शिकवायची तयारी आहे का, असे सहा रकाने पुरेत. सगळेच शिकवू शकणार नाहीत. काहींचा आवाज बसलाय, काहींचे गुडघे गेलेत. पण प्रत्येक तालुक्यात दहा जण निघाले तरी नऊ तालुक्यांत नव्वद होतात.

आणि यादी तिथंच संपू देऊ नका. मानधनाच्या यादीत ज्येष्ठ आहेत. तरुण ढोलकीवाला, विशीतला शाहीर, मूर्ती घडवणारा पोरगा त्यात नाही. सगळ्यात मोठी गळती बायकांची आहे. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आजीला कुणी कलावंत म्हणत नाही, कारण तिच्याकडं पार्टी नाही, पेटी नाही, पत्रिका नाही. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातल्या अशा बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा शिकल्यासवरल्यांना कळलं की घराघरात केवढं काव्य आहे. जनाबाईंच्या जिल्ह्यात ओवी शिकवायला आजी शाळेत येऊ नये, ही लाजेची गोष्ट आहे.

•••

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न लगेच येईल. हिशेब मांडतो. दर मी धरलेला आहे, तुम्ही वाढवा किंवा कमी करा. एका शाळेत आठवड्याला दोन तास, वर्षाचे तीस आठवडे. म्हणजे साठ तास. तासाला 300 रुपये धरले तर एका शाळेचे वर्षाला 18,000. वर एसटीचं भाडं आणि थोडं सामान. एका केंद्रात दहा शाळा धरल्या तर सामान धरून दोन लाखांच्या आसपास. एवढ्या पैशात पाच कलावंतांना वर्षभर हक्काचं काम मिळतं आणि दहा गावच्या लेकरांना कला मिळते.

समग्र शिक्षा अभियानात शाळेला पटानुसार एकत्रित अनुदान ठरलेलं आहे. तीसपर्यंत पट असेल तर 10,000 रुपये, शंभरपर्यंत 25,000. त्यात खडू, वीज बिल, स्वच्छता आणि गळकी पत्र्याची पन्हाळ भागवायची असते. त्यातून कलावंताचं मानधन निघणार नाही आणि काढायलाही सांगू नये. हा पैसा जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून आणि जिल्हा वार्षिक योजनेतून यायला हवा, स्वतंत्र लेखाशीर्षाखाली. दरवर्षी नियोजन समितीच्या बैठकीत रस्ते, डीपी, सभामंडप यांच्या याद्या वाचल्या जातात. सभामंडप बांधायला निधी मिळतो. त्या सभामंडपात गायला कोण उरणार, याचाही निधी एकदा मागा.

आणि वेळ? इथं परभणीचं पंचांग आपल्या बाजूनं आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि लग्नं थांबतात. लग्न नाही म्हणजे गोंधळ नाही, सनई-ताशा नाही, वाजंत्र्याच्या घरी कमाई नाही. नवरात्र सोडलं तर तुळशीच्या लग्नापर्यंत ही माणसं दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जातात. त्यातल्या अनेक घरांतली माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडावर निघतात. शाळेचं पहिलं सत्र नेमकं याच काळात, जून ते दिवाळी चालतं. कलावंताचे रिकामे महिने आणि शाळेचे भरलेले महिने तंतोतंत जुळतात. ज्या चार महिन्यांत त्याला हाताला काम हवं असतं, त्याच चार महिन्यांत शाळेला त्याचे हात हवे असतात. हे ज्याला दिसत नाही त्यानं जिल्ह्याचं नियोजन करू नये.

•••

‘लोककला शिकून लेकरांचं काय भलं होणार?’ हा पालकांचा प्रश्न. तो रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

गोंधळाकडंच बघा. आधी गण, मग देवदेवतांना आवतण, मग आख्यान. नायक कथा सांगतो आणि साथीदार त्याला मध्येच अडवतो. मुद्दाम न कळल्यासारखं विचारतो, ‘म्हणजे काय झालं म्हणता?’ नायक थांबतो, सोपं करून सांगतो, एखादा दाखला देतो आणि कथा पुढं नेतो. रात्रभर समोर बसलेल्या, दिवसभर राबून आलेल्या माणसांना जागं ठेवायचं हे शास्त्र आहे. चाळीस मिनिटांच्या तासाला वर्ग पेंगत असेल तर बी.एड. झालेल्या गुरुजींनीही या साथीदाराकडून धडा घ्यावा. कथा कुठं तोडायची, आवाज कधी खाली आणायचा, प्रश्न कुणाच्या तोंडून विचारायचा, हे त्याला पाठ असतं.

संबळाची दोन भांडी असतात, एक खर्जाचं आणि एक टिपेचं. दोन्ही हातांनी दोन वेगळे बोल धरायला शिकलेलं पोर मात्रा मोजतं, सम धरतं, दुप्पट-चौपट करतं. अपूर्णांक त्याच्या मनगटात उतरतो. भारुडात पोरगं दुसऱ्याचं सोंग घेऊन चार माणसांपुढं उभं राहतं आणि ठसक्यात बोलतं. मुलाखतीला गेल्यावर ज्यांची जीभ टाळ्याला चिकटते त्या आपल्या मराठवाड्याच्या पोरांना याहून मोठी शिदोरी कोणती? कशिद्याच्या टाक्यांत भूमिती आहे. लेंगीत बंजारा बोली आहे. जे लेकरू घरी गोरमाटी बोलतं, त्याला पहिलीत एकदम पुस्तकी मराठीसमोर बसवलं की ते मुकं होतं. त्याच्याच तांड्यावरची बाई वर्गात येऊन गाणं म्हणाली की ते तोंड उघडतं. वाचनाची सुरुवात तिथं होते.

आणि हे नुसतं म्हणणं नाही, महाराष्ट्रात करून पाहिलेलं आहे. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात सोनाळे इथं नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था आहे. तिच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात तरुण नाट्यकर्मी आश्रमशाळांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत जातात, मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी करून दाखवतात आणि मग मुलांबरोबर त्या गोष्टींवर काम करतात. अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी यांनी त्यासाठी आपला वेळ दिला आहे. तिथं नाटक हा संमेलनाचा कार्यक्रम नाही; लेकरू पुस्तकाकडं वळावं म्हणून केलेलं ते रोजचं काम आहे. शेजारच्या कर्नाटकात इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था ‘कलि-कलिसु’ या कार्यक्रमातून सरकारी शाळांचे शिक्षक आणि कलावंत यांना स्थानिक कलेवर काम करायला अनुदान देते. कोकणात पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी आपल्या ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या, संग्रहालय उभं केलं. त्यांना 2021 ची पद्मश्री मिळाली.

एक उदाहरण सावध करणारंही आहे. इंग्लंडमध्ये 2002 साली सरकारच्या पैशातून ‘क्रिएटिव्ह पार्टनरशिप्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. कलावंत शाळांत गेले, शिक्षकांबरोबर बसून धडे रचले. 2011 मध्ये सरकारनं पैसा थांबवला आणि कार्यक्रम आटोपला. श्रीमंत देशात हे होतं, तर आपल्याकडं एखाद्या हौशी अधिकाऱ्याच्या बदलीनंतर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. परभणीनं असे उपक्रम पाहिले आहेत: साहेब आले, फलक लागले, साहेब गेले, फलक गंजले. म्हणून ही गोष्ट अधिकाऱ्याच्या उत्साहावर सोडू नका. अंदाजपत्रकात ओळ असली तरच ती टिकते.

•••

आता जातीबद्दल. हा विषय टाळून या मुद्द्यावर बोलणं म्हणजे अर्धंच बोलणं.

आपल्या लोककला जातींनी वाटून घेतलेल्या आहेत. गोंधळी, वासुदेव, पोतराज, बहुरूपी, डक्कलवार. ज्यांनी कथा आणि सूर सांभाळले त्यांना गावानं पसाभर धान्य दिलं आणि गावकुसाच्या कडेला ठेवलं. बाबासाहेबांच्या चळवळीनं अपमानाची कामं टाकून द्यायला सांगितलं, ते योग्यच होतं. पाठीवर आसूड ओढत दारोदार फिरणं ही कला म्हणून जपायची गोष्ट नाही. तेव्हा शाळेत काय आणायचं आणि काय उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हे आधीच ठरवा. कथा, ताल, चाल, सोंग, टाका, रंग हे आत. नवस, अंगात येणं, भिक्षा हे बाहेर. शाळा सगळ्यांची आहे. उर्दू माध्यमाच्या वर्गात कव्वालीचा ठेका आणि सुलेखन शिकवणारा उस्ताद जाईल, मराठी माध्यमाच्या वर्गात संबळ जाईल, आणि महिन्यातून एकदा दोन्ही वर्ग एकमेकांकडं जातील. परभणीसारख्या मिश्र वस्तीच्या शहराला याची गरज कुणी समजावून सांगायला नको.

दुसरी अट त्याहून महत्त्वाची. गोंधळ्याच्या पोरालाच संबळ आणि कुंभाराच्या पोरालाच चाक, असं होता कामा नये. देशमुखांच्या नातवानं संबळ धरावा आणि गोंधळ्याच्या लेकीनं रोबोटिक्सच्या टेबलावर बसावं. कला सगळ्यांना द्यायची, धंदा कुणाच्या गळ्यात बांधायचा नाही.

आणि एक गोष्ट घडेल, जी कोणत्याही अहवालात मोजली जाणार नाही. आज कलावंताचं पोरगं शाळेत बापाचा धंदा लपवतं. वर्गात कुणी विचारलं तर ‘शेती करतात’ म्हणतं. उद्या तोच बाप हजेरीपटाजवळ उभा राहील, त्याला सगळा वर्ग ‘सर’ म्हणेल, मुख्याध्यापक त्याला खुर्ची देतील. त्या पोराची मान त्या दिवसापासून ताठ होईल. शाळागळती रोखायला आपण किती मोहिमा काढल्या! ही एक काढून बघा.

•••

आता ज्याला त्याला ज्याचं त्याचं.

सरकारला: गावातला कलावंत हा कलाशिक्षकाला पर्याय नाही. ‘लोककलावंत येतोय ना, मग पद कशाला?’ असं म्हणून कलाशिक्षकाची जागा गिळू नका. कलाशिक्षक कायम हवा, कायद्यातला निदेशक हवा, आणि त्यांच्या जोडीला कलावंत हवा. तिघांचं काम वेगळं आहे. कलावंताकडं विद्या आहे, पण तीस पोरांचा वर्ग कसा सांभाळायचा, हे त्यानं कधी केलेलं नाही. ते शिक्षकानं त्याला शिकवावं, आणि ताल शिक्षकानं त्याच्याकडून शिकावा. शिक्षक वर्गात हजर हवाच. पोलीस पडताळणी आणि लेकरांच्या सुरक्षेचे नियम सगळ्यांना सारखे.

मुख्याध्यापकांना: मानधन महिन्याच्या महिन्याला थेट बँक खात्यात जाऊ द्या. सहीसाठी त्याला चार खेपा घालायला लावू नका. त्याचा एक दिवस मोडला की त्याची मजुरी बुडते. आणि त्याला संमेलनाच्या तयारीला जुंपू नका. तो शिकवायला आलाय, कार्यक्रम बसवायला नाही.

पालकांना: शिकवणीच्या फीसाठी तुम्ही पोटाला चिमटा घेता, ते कळतं. पण वाचन आणि गणित तेवढं मोजलं जातं म्हणून तेवढंच शिक्षण, असं समजू नका. गाणारं, घडवणारं, चारचौघांत बोलणारं पोर गणितात मागं पडत नाही.

कलावंतांना: विद्या झाकून ठेवायचे दिवस गेले. घराण्यातली चीज बाहेरच्याला द्यायची नाही, हा हट्ट सोडा. तुमची स्वतःची पोरं ती घ्यायला तयार नाहीत. आणि तासाला जाताना वेळेवर जा, पिऊन जाऊ नका, तयारी करून जा. मान मागायचा तर शिस्तही दाखवावी लागते.

संस्थाचालकांना: तुमच्या इंग्रजी शाळांच्या जाहिरातीत घोडेस्वारी आणि स्केटिंग असतं. गोंधळ आणि भारूड टाकल्यानं तुमचा दर्जा खाली येणार नाही.

आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांना: कलावंत गेल्यावर ‘एका पर्वाचा अस्त’ असा मथळा देण्याआधी, तो जिवंत असताना त्याच्या तासासाठी एक ओळ लिहा.

परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. ‘परभणी क्रांती’ भेंडी इथलीच. बियाणं बरणीत ठेवून वाण टिकत नाही, ते दरवर्षी रानात पडावं लागतं, हे या जिल्ह्यातल्या अडाणी शेतकऱ्यालाही माहीत आहे. कलेचं बियाणं आपण सत्काराच्या शालीत गुंडाळून ठेवलंय.

•••

काम कुठून सुरू करायचं? मुंबईच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्यानं विनाअनुदानित शाळा सोडून प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा करणं हे याच समितीचं काम आहे. त्या आराखड्यात ‘स्थानिक कलावंताचे आठवड्याला दोन तास’ हा ठराव घ्यायला कुणी अडवत नाही. ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याला द्या, एक जिल्हा परिषदेला. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, पूर्णा, पालम, जिंतूर: नऊ तालुक्यांतल्या शंभर शाळांनी जरी एकाच महिन्यात हा ठराव पाठवला, तरी त्याची फाइल कुणाला बाजूला सारता येणार नाही.

तुमचं लेकरू ज्या शाळेत आहे, त्या शाळेच्या समितीची पुढची बैठक कधी आहे ते उद्याच विचारा. बैठकीला जा. जाताना गावातल्या एका कलावंताला बरोबर घेऊन जा आणि ठराव लिहून घेतल्याशिवाय उठू नका.